आधी पाण्याला वाट, मग गवत

प्रश्न: आमच्या घरामागे साधारण सहा मीटर बाय पाच मीटरचं अंगण आहे. माती अस्सल चिकण. पाऊस पडला की दोन-दोन दिवस डबकी, आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा. घरात दोन कुत्री आहेत. एक २८ किलोची लॅब्राडोर आणि दुसरं १२ किलोचं, आठ महिन्यांचं, दिसेल ते चावणारं पिल्लू. खरं गवत लावून पाहिलं, दोघांनी मिळून त्याचा चिखल केला. आता कृत्रिम गवत टाकायचं ठरवलंय. विक्रेत्याने सगळ्यात उंच आणि दाट नमुना दाखवला, ‘यातून कितीही पाणी खाली जातं’ म्हणाला, वर रबराचे दाणे पसरायला सांगतोय. नवरा म्हणतो, जमीन सपाट करून थेट अंथरू. दीर म्हणतात, मातीत वाळू मिसळा, पाणी जिरेल. मला धास्ती वासाची आहे. मैत्रिणीकडेही चिकणमातीच आहे, तिने दोन वर्षांपूर्वी असं गवत टाकलं, आता तिच्याकडे मागची खिडकी उघडवत नाही. कोणतं गवत घेऊ?

उत्तर: तुमच्या पत्रात विक्रेता, नवरा आणि दीर अशा तिघांची मतं आहेत, पण सगळ्यात शहाणं मत तुमच्या नाकाचं आहे. त्यामुळे मी तिथूनच सुरुवात करते. गवताचा नमुना मात्र थोडा वेळ बाजूला ठेवा. चिकणमातीच्या अंगणात गवत आधी निवडणं म्हणजे आधी कळस, मग पाया.

विक्रेता खोटं बोलत नाहीये. गवतातून पाणी किती वेगाने जातं याची चाचणी होते आणि चांगल्या मालाचे आकडे खरोखरच मोठे असतात. पण ती चाचणी गवताच्या तुकड्याची असते, तुमच्या अंगणाची नव्हे. गवतातून खाली आलेलं पाणी पुढे कुठे जाणार, हे त्या आकड्यात नसतं. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक, त्यामुळे दोन कणांमधली जागा नगण्य. अशी माती तासाला साधारण १ ते ५ मिलिमीटर पाणी आत घेते. वाळूच्या जमिनीत हाच आकडा ३० च्या वर जातो. तुमचं अंगण ३० चौरस मीटरचं. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर ७५० लिटर पाणी झालं. तासाला २ मिलिमीटर धरले तर ते मुरायला साडेबारा तास हवेत, तेही मधल्या काळात आणखी एक थेंब पडला नाही तर. आणि माती धुमसून दाबली की तो वेग आणखी घटतो.

आता बहुतेक ठिकाणी काय करतात पाहा. दहा-पंधरा सेंटिमीटर खणतात, खडी भरतात, दाबतात, वर गवत टाकतात. वाळूच्या किंवा मुरमाड जमिनीत हे बरोबर आहे. चिकणमातीत मात्र तुम्ही जमिनीत तीस चौरस मीटरचं घमेलं तयार केलेलं असतं. खडीतल्या पोकळ्यांत पाणी भरतं आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तिथेच बसतं. छपराचं आणि आजूबाजूच्या उंच जमिनीचं पाणीही तिथेच उतरतं. वरून बघावं तर गवत हिरवंगार आणि कोरडं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

त्या पाण्यात तुमच्या कुत्र्यांचीही भर आहे. निरोगी कुत्रं दिवसाला दर किलो वजनामागे साधारण २० ते ४० मिलिलिटर लघवी करतं. तुमच्या दोघांचं मिळून वजन ४० किलो, म्हणजे रोज पाऊण ते दीड लिटर आणि महिन्याला २५ ते ५० लिटरच्या आसपास. ही सगळी अंगणभर सारखी पसरत नाही, कारण प्रत्येक कुत्र्याची एक-दोन ठरलेली ठिकाणं असतात. ताज्या लघवीतल्या युरियाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. जिवाणूंमधलं युरियेज नावाचं विकर त्याचं अमोनियात रूपांतर करतं आणि डोळ्यांत झोंबणारा वास येतो तो त्याचा. उघड्या मातीत हा अमोनिया पुढे इतर जिवाणू आणि मुळं वापरून टाकतात. गवताच्या खाली ना मूळ, ना हवा, ना निचरा. तिथे तो साचत जातो आणि ऊन तापलं की वर येतो.

मैत्रिणीकडचं गवत उचललं तर काय दिसेल ते मी बसल्या जागी सांगू शकते, कारण अशी उचललेली गवतं पाहिली आहेत. उलट्या बाजूला, पाणी खाली जायला पाडलेल्या भोकांच्या मधल्या जागेत, पिवळट-तपकिरी कडी उमटलेली असतात. लघवी भोकापर्यंत पोचलीच नाही, वाटेतच वाळली. बऱ्याच भोकांत केसांची गच्च बुचं. खाली अंथरलेली बारीक कच आता कच राहिलेली नसते, तिच्यात खालची माती चढून करडा, बोटाला चिकटणारा लगदा झालेला असतो. ओंजळभर उचलून हुंगायची गरज पडत नाही, कोपरा वर केल्याबरोबर माणसं दोन पावलं मागे सरतात. अशा अंगणात वर सुगंधी फवारे मारत बसणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. मैत्रिणीला माझा निरोप द्या की गवत बदलून उपयोग नाही, खालचं काम पुन्हा करावं लागेल.

नवऱ्याची सूचना एका वाक्यात निकालात काढता येते: थेट चिकणमातीवर अंथरलेलं गवत पहिल्या पावसात पायाखाली पचपचतं आणि पहिल्या उन्हाळ्यात भेगांबरोबर वरखाली होतं. दिरांची सूचना वरकरणी शहाणपणाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगते. चिकणमातीचा स्वभाव बदलायचा तर तिच्यात निम्म्याहून जास्त वाळू जावी लागते. त्याहून कमी घातली तर वाळूच्या दाण्यांमधल्या फटी मातीचे कण भरून काढतात आणि वाळल्यावर जमीन पूर्वीपेक्षा टणक होते. जिप्समचंही कुणी ना कुणी सुचवेलच. मातीत सोडियम जास्त असेल तेव्हा जिप्सम काम करतं, एरवी नाही. तुमचा प्रश्न माती सुधारण्याचा नाहीच. तिच्यात काही पेरायचं नाहीये. तिला पाणी पिता येत नाही हे मान्य करून ते तिच्यावरून वाहून न्यायचं आहे.

आधी एक साधी परीक्षा घ्या. अंगणात सगळ्यात जास्त वेळ पाणी साचतं तिथे फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा खणा. काठोकाठ पाणी भरा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी पुन्हा भरा, एक काठी उभी करून पाण्याच्या पातळीची खूण करा आणि तासाभराने बघा. पातळी अडीच सेंटिमीटरसुद्धा उतरली नसेल तर जमिनीच्या भरवशावर काही ठेवायचं नाही. तुमच्या वर्णनावरून ती उतरणार नाही असंच वाटतं, पण खड्डा खणाच. अंगणाच्या दोन टोकांची माती वेगळी निघू शकते, आणि कधी वरचा वीतभर थरच चिकण असतो, खाली मुरूम लागतो. तसं निघालं तर तुमचं निम्मं काम हलकं झालं.

मग उताराचं. इथे बहुतेक कामं फसतात. उतार गवताला किंवा खडीच्या वरच्या थराला देऊन चालत नाही, खणून उघड्या पडलेल्या मातीलाच द्यायचा. पाणी गवतातून आणि खडीतून सरळ खाली येतं, मातीच्या पाठीवर पोचतं आणि तिथून आडवं वाहतं. ती पाठ सपाट किंवा खाचखळग्यांची असेल तर प्रत्येक खळग्यात एक डबकं राहणार, वर कितीही सुबक उतार दिसो. दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार पुरतो. तुमच्या सहा मीटरच्या लांबीत म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण नऊ सेंटिमीटरचा फरक. दिशा अर्थातच घरापासून लांब. चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, तेव्हा पायाच्या बाजूला पाणी ढकललंत तर भिंतींना तडे जायचं निमित्त होईल. लांब फळीवर पाणसळ ठेवून दर मीटरला तपासा, नजरेवर जाऊ नका. आणि हे काम माती ओली असताना करू नका. मूठभर माती हातात वळून बघा. तिची लांब गुळगुळीत वळी होत असेल, हाताला चिकटत असेल, तर थांबा. ओल्या चिकणमातीवर यंत्र फिरवलं की ती लिंपली जाते आणि उरलंसुरलं झिरपणंही बंद होतं.

मातीवर जाडसर, न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड हवंच. त्याचं काम तण रोखणं हे नाही. माती आणि खडी यांना एकमेकांत मिसळू न देणं, हे त्याचं खरं काम. ते नसेल तर वर सांगितलेला करडा लगदा तुमच्याकडेही होईल. त्यावर किमान दहा सेंटिमीटर खडी, आणि ही खडी धुतलेली, भुकटी नसलेली हवी. काम करणारे बहुधा भुकटीमिश्रित खडी आणायला बघतील, कारण ती दाबली की पटकन घट्ट आणि सपाट बसते. बाकी सगळीकडे ती चांगली, पण कुत्र्यांच्या अंगणात ती घट्ट बसते हाच तिचा दोष. मोकळ्या खडीत साधारण ४० टक्के पोकळी राहते, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या थरात ४० मिलिमीटर पावसाचं पाणी तात्पुरतं मावतं. तुमच्या अंगणाच्या हिशेबाने बाराशे लिटर. गवताखाली सपाटी यावी म्हणून वरचे दोन-तीन सेंटिमीटर बारीक खडी वापरा, पण तीही भुकटी चाळून काढलेली. खडी आणि गवत यांच्या मध्ये पुन्हा कापड घालायचा आग्रह कुणी धरला तर नम्रपणे नको म्हणा. कुत्र्यांचे केस आणि घाण त्याच कापडावर अडकते.

उताराच्या खालच्या टोकाला अंगणाच्या पूर्ण रुंदीत एक चर खणा. त्यात कापड, कापडावर खडी, खडीत १०० मिलिमीटर व्यासाचा भोकं पाडलेला पाइप, भोकं खालच्या बाजूला. पाइपलाही मीटरमागे एक सेंटिमीटर उतार. हा पाइप कुठे सोडायचा, यावर तुमचं सगळं काम अवलंबून आहे. पावसाच्या पाण्याची गटार जवळ असेल आणि तिथल्या नियमांत बसत असेल तर उत्तम. बागेत सखल जागा असेल तर तीही चालेल. शेजाऱ्याच्या कुंपणाखाली नको. विहीर किंवा तळं जवळ असेल तर तिकडेही नको, कारण त्यात लघवी धुतलेलं पाणी असणार आहे. आणि शोषखड्ड्याच्या नादी लागू नका. चिकणमातीत शोषखड्डा शोषत नाही, भरून बसतो.

पाणी काढायला कुठेच जागा नाही असं निघालं तर? मग खणूच नका. सध्याच्या जमिनीलाच उतार देऊन, भोवती कडा बांधून, खडीचा थर जमिनीच्या वर चढवा. असं करताना घराचा उंबरठा आणि भिंतीतला ओल रोखणारा थर यांच्या खालीच राहायचं, एवढं पाहा. तेही जमत नसेल तर सगळं अंगण झाकायचा हट्ट सोडा. घरालगतच्या उंच अर्ध्या भागात गवत आणि सखल अर्ध्यात नुसती गोलसर, गुळगुळीत खडी. कुत्र्यांना लघवीसाठी खडीच्या कोपऱ्याची सवय लावता येते. पिल्लू आठ महिन्यांचं आहे, ते दोन-तीन आठवड्यांत शिकेल. लॅब्राडोरला थोडा खाऊ लागेल, पण लॅब्राडोरला खाऊ दाखवला की प्रश्न उरतोच कुठे.

खोदाईला सुरुवात करण्याआधी आणखी एक हिशेब. बारा सेंटिमीटर खणलंत तर साडेतीन घनमीटरच्या वर माती निघेल आणि खणलेली माती फुगून चार-साडेचार घनमीटरचा ढीग होईल. तो कुठे जाणार हे आधी ठरवा. बागेच्या कडेला तात्पुरता टाकलेला ढीग पहिल्या पावसात तुमच्या धुतलेल्या खडीवर परत येतो.

खडी बसली, पाइप जोडला, की गवत लगेच अंथरू नका. होजपाइप सोडा आणि अर्धा तास बसून बघा. पाइपच्या तोंडातून पाणी येतंय का, किती वेळाने येतंय, नळ बंद केल्यावर किती वेळ गळतंय. खडीत मध्येच कुठे पाणी चमकलं तर तिथे खाली खळगा आहे. तो आत्ता दुरुस्त करायला एक माणूस आणि एक फावडं पुरतं. काम करणाऱ्याला ही चाचणी होणार आहे हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, उतार आपोआप नीट येतो.

आता गवत. उंच आणि दाट सोडून द्या. शोरूममध्ये हात फिरवायला ते छान लागतं, पण उंच पाती कुत्र्यांच्या पळण्याने आडवी होतात आणि पातळ शी त्यांच्या बुडाशी जाऊन बसते. २५ ते ३५ मिलिमीटर उंची तुम्हाला योग्य. दाटपणाही मध्यमच हवा, कारण जितके टाके दाट तितका पाण्याला अडथळा. बऱ्याच नमुन्यांत हिरव्या पात्यांच्या तळाशी तपकिरी, कुरळ्या धाग्यांचा एक थर असतो. त्याने गवत खरं वाटतं. केस, शी आणि ओल धरून ठेवायलाही तोच थर पटाईत. तो जितका कमी तितकं बरं. पाती पॉलिएथिलीनची घ्या. नायलॉन टणक असतं, पण ओल शोषतं. पॉलिप्रोपिलीन लवकर झिजतं, तुमची जोडी त्याचा एका वर्षात निकाल लावेल.

निवडीत सगळ्यात महत्त्वाची बाजू ग्राहक सहसा बघतच नाहीत, ती म्हणजे उलटी बाजू. नमुना हातात घेऊन पालथा करा. सलग काळा लेप आणि त्यात साधारण दहा-दहा सेंटिमीटरवर एक भोक दिसलं तर ते अंगणाच्या शोभेचं गवत आहे, कुत्र्यांचं नाही. लेप फक्त टाक्यांच्या ओळींवर आणि मधली जाळी मोकळी, म्हणजे संपूर्ण पाठीतून पाणी झिरपतं, असा प्रकार मिळतो. तोच मागा. लेप लॅटेक्सचा आहे की पॉलियुरेथेनचा हेही विचारा. लॅटेक्स ओल पितं आणि कालांतराने सुटू लागतं, पॉलियुरेथेन जास्त टिकतं. जोडीला शिसं आणि पीएफएएस (सहजी न विघटणारी घातक रसायनं) यांच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागा. जुन्या काळच्या गवतांच्या रंगात शिसं सापडलेलं आहे आणि तुमच्याकडे चावणारं पिल्लू आहे.

या सगळ्या त्रुटींचं मूळ समजून घेतलं की विक्रेत्यावर चिडायला होत नाही. कृत्रिम गवत गाजलं ते १९६६ साली, ह्यूस्टनच्या छप्पर असलेल्या ॲस्ट्रोडोम मैदानावर. छताची पारदर्शक तावदानं रंगवावी लागली, खालचं खरं गवत मेलं, म्हणून हे आणलं. सुरुवातीचा सगळा विचार चेंडूचा आणि बुटांचा होता. कुत्र्याचं मूत्राशय कुणाच्या डोक्यात नव्हतं.

नमुन्याचा किमान फूटभर चौरस तुकडा घरी आणा. विटांवर ठेवून त्यावर पेलाभर पाणी एका जागी ओता. लगेच सरळ खाली पडतंय, की आधी बाजूला पसरून मग भोक शोधतंय, हे डोळ्यांनी दिसेल. मग तो तुकडा अंगणात कुत्र्यांच्या आवडत्या जागी आठवडाभर ठेवा. ती त्यावर लघवी करतात का, पिल्लू कोपरा ओढतं का, आठवड्याने साध्या पाण्याने धुतल्यावर वास जातो का. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हे जास्त सांगेल. विक्रेता तुकडा द्यायला कुरकुर करत असेल तर दुसरा विक्रेता बघा.

रबराचे दाणे नकोत. ते उन्हात तापतात, त्यांना स्वतःचा वास असतो आणि पिल्लू ते गिळेल. मैदानांवरचे असे प्लास्टिक-रबराचे दाणे निसर्गात पसरतात म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली त्यांच्यावर निर्बंध आणले आणि २०३१ पासून तिथे त्यांची विक्री बंद होणार आहे. पाती उभी राहायला आणि गवत जड राहायला थोडी भर लागते, ती गोल दाण्यांच्या धुतलेल्या सिलिका वाळूची किंवा झिओलाइटची घाला, तीही थोडीच. झिओलाइट हे खनिज अमोनियम धरून ठेवतं, म्हणून वास कमी होतो. पण त्याची धरायची जागा मर्यादित असते. ती भरली की झिओलाइट म्हणजे नुसती खडी. मिठाच्या पाण्याने धुतलं की ते पुन्हा ताजं होतं, असा सल्ला तुम्हाला मिळेल. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर आहे, पण तुमच्या अंगणात करू नका. सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होतात आणि निचरा आणखी बिघडतो. त्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी लघवीच्या जागेवरची भर काढून नवी घालावी.

तुमच्या पत्रात उन्हाचा उल्लेख नाही, पण मला तो करायलाच हवा. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ साली आपल्या मैदानावर मोजलं, तेव्हा हवा ३७ अंश सेल्सियस असताना कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेल्याची नोंद झाली. पाणी मारल्यावर तो झपकन उतरला, पण वीस मिनिटांत जवळजवळ मूळ पदावर आला. ते रबर भरलेलं खेळाचं मैदान होतं, तुमचं अंगण इतकं तापणार नाही, तरीही पंजे भाजण्याइतकं नक्की तापेल. दुपारी हाताची पालथी बाजू गवतावर सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर कुत्र्यांना सोडू नका. अंगणाच्या काही भागावर तरी कायम सावली हवी, मग ती झाडाची असो की कापडाची. झाडाची असेल तर बुंध्याभोवती ऐसपैस जागा मोकळी सोडा, मुळं तोडून खडी भरू नका. उष्णतारोधक लेप असलेल्या खिडक्या अंगणाकडे असतील तर त्यांचा परावर्तित झोत गवत अक्षरशः वितळवतो. तो दिवसभरात कुठे पडतो हे आधी पाहून ठेवा.

कडांचं काम पिल्लाकडे बघून करा. त्याचं पहिलं लक्ष तिकडेच जाणार. भोवती कुजणार नाही अशी पट्टी घट्ट बसवून तिला दर पंधरा सेंटिमीटरला गंज न धरणाऱ्या खिळ्याने गवत ठोकून घ्या. जोड शक्यतो येऊच देऊ नका. आलाच तर खालून पट्टी लावून चिकटवलेला हवा, नुसते खिळे नकोत. चिकणमाती फुगते-आकसते, त्या हालचालीने खिळे हळूहळू वर येतात, म्हणून प्रत्येक मोसमात एकदा कडेने हात फिरवून बघा. उकरायची खोड असेल तर कडेच्या अर्ध्या मीटरमध्ये गवताखाली गंजरोधक जाळी टाका. पाती उपटून गिळली तर आतड्यात अडकू शकतात. पिल्लू उलट्या करतंय, खात नाहीये आणि अंगणात एखादा पुंजका उपटलेला दिसतोय, तर वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

साफसफाई रोजची, पण थोडी. शी दिवसाच्या दिवसाला उचला. जंतांची अंडी गवतावरून आपोआप नाहीशी होत नाहीत. कोरड्या दिवसांत लघवीच्या जागेवर रोज पाणी मारा, आठवड्याला एकदा विकरयुक्त क्लीनर वापरा आणि डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ तो मुरू द्या. घाईने धुतलात तर विकरांना काम करायला वेळच मिळत नाही. ब्लीच कधीही नको. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन वायू तयार होतो, तो तुमच्याही फुप्फुसांना वाईट आणि जमिनीला नाक लावून हिंडणाऱ्या कुत्र्यांना त्याहून. कामाला हात लागेपर्यंत सध्याच्या डबक्यांपासून दोघांना लांब ठेवा आणि लेप्टोस्पायरोसिसची लस चालू आहे ना हे तपासा. त्याचे जिवाणू लघवीतून येतात, साचलेल्या पाण्यात तग धरतात आणि माणसालाही गाठतात.

वेळापत्रक म्हणाल तर माती कोरडी असेल तेव्हा पाया करून घ्या आणि जमलं तर एक पावसाळा नुसत्या खडीवर काढा. कुठे खचतंय, कुठे तुंबतंय ते तेवढ्यात कळेल. तोपर्यंत पिल्लाचं चावण्याचं वयही बरंचसं सरेल. विक्रेत्याला सांगा, ऑर्डर त्यानंतर देते, आणि तेव्हा नमुना पालथा करूनच दाखव.